‘स्वयम्’चे मोजमाप वर्गात व्हावे

महोदय,

‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करता येतात. एवढा वाटा ऑनलाइन गेल्यावर मुले नेमके काय शिकली, हे कोण तपासते? नोंदणीचा आकडा अहवालात लिहिला की विषय संपतो.

मी तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवते. माझा एक विद्यार्थी रात्री पेट्रोल पंपावर काम करतो. प्रमाण विचलनाचे व्याख्यान त्याने मोबाइलवर चार वेळा मागे नेऊन ऐकले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवले. भरल्या वर्गात मला त्याच्यासाठी चारदा थांबता आले नसते, हे मान्य करते. त्याच बाकावरच्या दोघांनी मात्र आवाज बंद ठेवून व्हिडिओ पळवले, स्वाध्यायाची उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवली. त्यांना सरासरी आणि मध्यक यांतला फरकही सांगता येईना. अहवालात तिघेही सारखेच!

नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण किती, हे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर करावे. शिवाय महिनाभराने त्याच विषयाची छोटी लेखी चाचणी मुलांना वर्गात समोर बसवून घ्यावी.

– एक प्राध्यापिका, बीड