पालखीचा खांदा कसा बदलायचा, ते शिकवलंत त्याबद्दल

तीर्थस्वरूप तात्यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. पोस्टानं पाठवलं असतं तर पत्र चंचीत गेलं असतं आणि तंबाखूबरोबर संपलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. कोल्हापूरला शिकणारा तुमचा नातू कधीतरी वाचून दाखवेल. वाडीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, नाहीतर पुढच्या आषाढात शंभर जण तुमच्या पडवीत येऊन बसतील.

सोळा वर्षं मी चौथीला पावनखिंड शिकवते. फळ्यावर उजवीकडे पन्हाळा, डावीकडे विशाळगड, मध्ये एक बाण. तो बाण काढायला मला दोन सेकंद लागतात. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पालखी घेऊन पळता येतं का?" मी म्हटलं, मावळे होते ते, त्यांना येत होतं. तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही झालं.

तेवढ्या एका प्रश्नापायी मी पन्हाळा ते पावनखिंड या पायी मोहिमेला आले. आमचा गट तुम्ही पाहिलाच. भगवे फेटे, शिवून घेतलेले अंगरखे (कापड नायलॉनचं, पहिल्या सरीतच अंगाला चिकटलं), दोन लाकडी ढाली आणि बांबूची पालखी. पालखीत महाराजांचा अर्धपुतळा. गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा झाल्या, फोटो झाले, राजदिंडीच्या वाटेनं उतरलो. तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर चढेपर्यंत सगळा उत्साह होता. पठारावर धुकं असं उतरलं की पालखीच्या पुढच्या दांडीला मागचा गडी दिसेना. वाट दाखवायला ठरवलेला माणूस आलाच नव्हता. तासभर आम्ही एकाच तळ्याभोवती फिरत होतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत तेव्हा कळलं.

त्या धुक्यातून तुमचा आवाज आला, "कुठं निघालासा?" आणि मग आमच्या पालखीकडे बघून, "देव उचललाय का सिलेंडर?"

हसलो तेव्हा, पण तुम्ही थट्टेवर थांबला नाहीत. गावच्या देवाची पालखी तुम्ही तरुणपणापासून उचलता, असं म्हणालात. पुतळा आधी बाहेर काढलात, पागोट्याच्या कापडानं पुसलात आणि घोंगडीच्या आत छातीशी धरून उभे राहिलात. मग आमच्यातल्या सगळ्यात हडकुळ्या पोराला म्हणालात, बस आत. पुतळ्याचं वजन किती आणि जिवंत माणसाचं किती, ते आम्हाला पहिल्या दहा पावलांत समजलं. अकराव्या पावलाला मागचा घसरला आणि पोरगं, पालखी, चारही भोई लाल चिखलात.

पुढचा अर्धा तास मला पाठ आहे. पावलं लहान टाकायची. गुडघे सैल ठेवायचे. म्होरच्यानं बोलायचं, मागच्यानं ऐकायचं, कारण मागच्याला पायाखालचं दिसत नाही: "दगूड", "खड्डा", "पाणी", "डावं". आणि खांदा बदलताना थांबायचं नाही. नवा गडी शेजारून चालत चालत दांडीखाली शिरतो, त्याच्या खांद्यावर भार बसला की जुना निसटतो. "थांबलासा की वजन दुप्पट हुतंय," म्हणालात. चौथ्या प्रयत्नाला आम्हाला ते जमलं, तुमच्या निम्म्या वेगानं का होईना.

तात्या, मी पुस्तकात बांदलांच्या सेनेतले सहाशे मावळे वाचले होते. इतकी माणसं लढायला घेतली असणार, असंच मला वाटायचं. त्या अर्ध्या तासानंतर पहिल्यांदा डोक्यात आलं की त्यातले कितीतरी खांदे पालखीलाही लागले असतील. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा, पण चंद्र ढगात. मार्चपासून पन्हाळ्याला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरचे इंग्रजसुद्धा तोफा घेऊन त्याच्या मदतीला. आदिलशाहीच्या तोंडावरचा तो किल्ला आठ महिन्यांपूर्वीच स्वराज्यात आलेला. दुसऱ्या पालखीत नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन बसलेले. ते पकडले गेले आणि मारले गेले. त्यातून मिळालेल्या वेळात खरी पालखी याच चिखलातून गेली. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि तीनेकशे गडी पाठलागावरच्या सिद्दी मसूदला अडवून उभे राहिले. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्व्यांचा वेढा होता, तोही फोडावा लागला, मगच महाराज गडावर पोचल्याच्या तोफा वाजल्या. हे सगळं मी दरवर्षी सांगते. वाट दाखवणारे कोण होते, ते मात्र सांगत नाही, कारण त्यांची नावं माझ्या पुस्तकात नाहीत. आता तो धडा आला की मला घोंगडीतला माणूस दिसतो, त्याला मी काय करू?

बाकीचं थोडक्यात लिहिते, तुम्हाला माहीतच आहे. पोटरीवरच्या जळवांना चंचीतला चुना लावलात. माझ्या बुटाचा तळ सुटला तेव्हा सुतळीनं बांधून दिलात आणि स्वतः प्लास्टिकच्या बुटांत आमच्या पुढे चालत राहिलात. रात्री काकूंनी चौदा माणसांना नाचणीची भाकरी आणि खर्डा वाढला. दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंडीपर्यंत सोबत आलात. ऐन भातलावणीचे दोन दिवस मोडलेत, हे मला खिंडीत पोचल्यावर कळलं, तेही नातवाकडून.

आणि तिथं मी चूक केली. निघताना पैशाचं पाकीट पुढे केलं. "पैशासाठी आलतो व्हय मी?" इतकंच बोललात आणि कासारीच्या पाण्यात पाय धुवायला गेलात. मी तशीच उभी राहिले. आभाराचा शब्द तोंडातून निघाला नाही, गाडी आली, निघालो. हे पत्र त्यासाठी. मनापासून आभार, तात्या. काकूंचेही. पाकिटाबद्दल माफ करा.

शाळेत काय केलं ते सांगते. मैदानावर दोन बांबूंना झोळी बांधली, त्यात वर्गातला सगळ्यात लहान मुलगा बसवला. प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढच्या दांडीला होती. पहिल्या फेरीत झोळी जमिनीला लागली. तिसऱ्या फेरीत ती "खड्डा! दगड!" ओरडत होती, मैदान सपाट असूनही. चालता चालता खांदा बदलला, आणि एकदाही थांबले नाहीत पोरं. घाम पुसत म्हणाली, "बाई, पळता येतं. पण खूप माणसं लागतात."

तुमची घोंगडी माझ्याकडेच राहिली आहे. साबण लावलेला नाही, दोनदा उन्हात घातली. येत्या आषाढात घेऊन येते. मोहीम नेमकी लावणीत येते, त्याला इलाज नाही. म्हणून या वेळी दोन दिवस आधी येईन आणि काकूंबरोबर तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला बसेन. मला येत नाही. तेही शिकवावं लागेल.

तुमची,
चिखलात बसकण मारलेली बाई