पिशवीच्या सोनोग्राफीआधी

प्रिय शुभा,

काल "पिशवीची सोनोग्राफी सांगितली आहे" एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. फोनवर मलाही नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे.

पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई नसते, भूल नसते. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जाऊन आदळतात, परत येतात आणि त्यातून चित्र उमटतं. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं.

आधी सहसा पोटावरून बघतात. त्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. आतड्यांतल्या हवेतून त्या लहरी पुढे जात नाहीत. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरतात आणि मागची पिशवी स्पष्ट दिसते. ओटीपोटावर गार, बुळबुळीत जेल लावून प्रोब (लहरी सोडणारं हातात धरायचं यंत्र) दाबतात, तेव्हा वाटतं आता सुटणार. मी पलंगाची कड घट्ट धरून ठेवली होती. अगदीच असह्य झालं तर बोल, थोडी लघवी करून येऊ देतात.

आता मला कुणी सांगितलं नव्हतं ते. लघवी करून परत आले आणि तेव्हा कळलं की आता आतून बघायचं आहे. आतून म्हणजे योनिमार्गातून. अंगावर काटा आला. कुणी आधी दोन वाक्यं बोललं असतं तर मी मनाची तयारी केली असती. त्याचा राग अजून गेलेला नाही. तुझ्यावर तशी वेळ येऊ नये. हा आतला प्रोब म्हणजे बोटापेक्षा जरा जाड असा लांबट दांडा. त्यावर कंडोमसारखं आवरण आणि जेल असतं, आणि त्याचा पुढचा थोडाच भाग आत जातो. गुडघे दुमडून मांड्या सैल सोड, श्वास हळूहळू बाहेर टाक. मला दुखलं नाही, दाब मात्र जाणवला. इतक्या जवळून पिशवीचं आतलं अस्तर आणि अंडाशय जास्त स्वच्छ दिसतात, म्हणून डॉक्टर ही तपासणी सुचवतात. पण तुझी संमती लागतेच. "थांबा" म्हणालीस की त्यांनी थांबायलाच हवं. खोलीत कुणी बाई हवी असेल तर माग, प्रोब स्वतःच्या हाताने आत घ्यायचा असेल तर तसं विचार. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांग. (तुझ्या भाचीलाही सोनोग्राफी सांगितली आहे ना? शरीरसंबंध आलेला नसेल तर सहसा आतून करत नाहीत, पोटावरूनच बघतात. तिच्या आईला हे नक्की कळव.)

शेवटच्या पाळीची तारीख लिहून ने. अस्तराची जाडी महिनाभर बदलत असते: पाळी संपल्यावर २ ते ४ मिलिमीटर, पुढच्या पाळीआधी १० च्याही वर. तारीख ठाऊक नसेल तर तो आकडा वाचणार कसा?

तपासताना डॉक्टर बोलत नाहीत, नुसती बटणांची टिकटिक ऐकू येते. त्या शांततेचा वाईट अर्थ लावू नकोस, ते मापं घेत असतात. आणि रिपोर्ट रात्री एकटी वाचत बसू नकोस. माझ्या रिपोर्टवर 'रेट्रोव्हर्टेड' असं लिहिलं होतं आणि त्या एका शब्दापायी माझ्या दोन रात्री गेल्या. त्याचा अर्थ एवढाच की पिशवी मागे झुकलेली आहे. साधारण पाचातल्या एकीची तशी असते, तो आजार नव्हे. 'फायब्रॉइड' दिसलं तरी त्या गाठी जवळजवळ नेहमी साध्याच असतात, कॅन्सरच्या नसतात. रक्तस्राव, दुखणं, तुझं वय, हे सगळं रिपोर्टशी जुळवून बघायचं काम तुझ्या डॉक्टरांचं. शंका उरली तर ते पुढची तपासणी सांगतील.

वेळ मिळाली की कळव, मी सोबत येते. आणि रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधी मला हाक मार, दोघी मिळून वाचू.

तुझी,
माधवी