पणजीला राहायला जाणाऱ्या लेकीस

सावईवेरे, फोंडा

चि. बायेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात आपण कोंकणीतच बोलतो, पण कागद पुढे ओढला की माझ्या हातून मराठीच उतरते. तुझ्या आजोबांचंही तसंच होतं. तोंडी सांगायला गेले की तू "हो गे आई" म्हणून विषय मिटवतेस, आणि काही गोष्टी तुझ्यासमोर बसून बोलताना माझा गळा दाटतो. म्हणून लिहिते. पुढच्या आठवड्यात सामान बांधशील तेव्हा हा कागद वरच्या कप्प्यात ठेव.

पहिलं आणि मुख्य ते हे: तू जा. नोकरी धर, खोली घे, एकटी राहा. हे मुद्दाम लिहिते, कारण घरात येणारा जो तो उलटंच बोलतोय. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी पणजीत एकटी कशी राहणार, रोज इथूनच जा-ये करू दे, नाहीतर घरीच बसून काही काम मिळतं का बघू दे. बोलणारी माणसं मायेची आहेत, त्यांना दुखवू नकोस. पण रोज सावईवेऱ्याहून पणजी म्हणजे खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत चार वेळा अंग उचलणं आलं. ते सगळं खांद्यांवर येतं. तुझे खांदे आता तुझे पायही आहेत. ते असे प्रवासात झिजवायचे नाहीत. ऑफिसच्या जवळ, तळमजल्याची, रुंद दाराची खोली तू स्वतः हिंडून शोधलीस, न्हाणीचं दार मोजून घेतलंस. मला तेव्हाच कळलं की तू तयार आहेस.

आता माझं ऐक. तुझं एकटं राहणं सर्वांत जास्त कशावर अवलंबून असेल तर तुझ्या कातडीवर आणि मूत्राशयावर. पगार, खोली, स्कूटर ही सगळी त्याच्या नंतर.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तुझ्या व्यायामाच्या बाईंनी मला एका डॉक्टरांविषयी सांगितलं होतं, मग मी त्यांच्यावर मिळेल ते वाचलं. पूर्वी कमरेखालचं अंग गेलेला माणूस बहुधा फार दिवस काढत नसे. मोडलेल्या मणक्याने तो जात नसे. माकडहाडाला, टाचांना जखमा होत, त्या चिघळत, लघवी तुंबून ताप येई, मूत्रपिंडं जात. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी अशा जखमी सैनिकांचा विभाग हाती घेतला. हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेला हा ज्यू डॉक्टर. त्याच्याकडे जादूचं औषध नव्हतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदला, कातडी बघा, लघवीची नीट व्यवस्था लावा आणि त्याला अंथरुणातून उठवून कामाला लावा, एवढं तो नेटाने धरून बसला. माणसं जगू लागली. २९ जुलै १९४८ ला, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जण खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते. आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पदकाआधी कितीतरी रात्री कुणीतरी कूस बदलली असेल, कातडी पाहिली असेल. मला या गोष्टीत तेच दिसतं.

म्हणून रोज सकाळी आणि झोपण्याआधी आरसा घेऊन बघायचं. माकडहाड, मांड्यांच्या मागची हाडं, घोटे, टाचा. कुठे लालसर दिसलं तर बोटाने दाबून बघ. दाबल्यावर फिकं पडून पुन्हा लाल झालं तर त्या जागेवरचा भार काढ आणि लक्ष ठेव. दाबूनही लाली जात नसेल तर जखम आतून सुरू झाली आहे असं समज. त्या दिवशी त्या जागेवर बसायचंच नाही, मग ऑफिसात कितीही महत्त्वाचं काम असो. एक दिवसाची रजा परवडते. वाढलेली जखम महिनोन्‌महिने पालथं पाडते. ऑफिसात पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकव, किंवा एकेका कुशीला कल, मिनिट-दोन मिनिटं तशीच राहा. हातांवर अंग उचलून धरण्यापेक्षा हे बरं, खांद्यांना त्रास कमी. लोक बघतील, बघू देत. चवथीला आरत्यांच्या नादात तू किती वेळ हललीच नाहीस, गणपतीवर फळं-फुलं टांगलेल्या माटोळीखालून मी तुझ्याकडेच बघत होते.

आपल्याकडची हवाही लक्षात ठेव. एप्रिल-मेचा घाम आणि पुढे चार महिन्यांची ओल, दोन्हींत कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर फाटते. सुती कपडे, जाड शिवण नसलेले. खुर्चीतल्या उशीचं कव्हर ओलं झालं की लगेच बदल, दोन जादा शिवून ठेवले आहेत. आणि गरम पाणी! पायाला चटका कळत नाही हे न्हाणीत विसरायला होतं. पाणी आधी कोपराने बघायचं. चहाचा कप मांडीत धरायचा नाही, गरम लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही, उन्हात तापलेल्या दगडी बाकावर सरकायचं नाही.

लघवीचं तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस, तरी आईने लिहायचंच. नळी दर चार ते सहा तासांनी, घड्याळाप्रमाणे. ही नळी स्वतःची स्वतः घालता येते, त्यासाठी दवाखाना लागत नाही, साबणाने नीट धुतलेले हात पुरतात, हे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका मूत्ररोगतज्ज्ञाने दाखवून दिलं आणि जगभरच्या माणसांना घराबाहेर पडता आलं. त्यांचे उपकार मान. मात्र लग्नाकार्यात तू पाणी कमी पितेस, स्वच्छतागृह नाही म्हणून, ती सवय इथेच सोडून जा. लघवी गढूळ झाली, वास बदलला, अंगात हुडहुडी भरली तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर १०८. सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही. ऑफिसात खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नसेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी माग. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यासाठीच आहे, आणि तिथे मागितलेली गोष्ट उपकार म्हणून घ्यायची नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगते. बसून राहणाऱ्या अंगाला अन्न कमी लागतं आणि वजन वाढलं की सरकताना खांदे ओरडतात. पोट रोज ठरल्या वेळीच साफ व्हायला हवं, नाहीतर अख्खा दिवस जातो. तेव्हा सकाळी नाचण्याचं तिझान, दुपारी तांबडी भाजी, कुळीथ, एखादा बांगडा. उकड्या तांदळाची पेज रात्री पुरे, तोंडी लावायला मिठातल्या कैऱ्यांची तोरं देतेच, पण मीठ बेताने. बाहेरची पाव-पातळ भाजी रोज नको.

आपल्या दारातला उतार आठव. दोन पायऱ्या मिळून १४ इंच. गवंडी म्हणाला चार फुटांत बसवतो. तुझ्या मामाने ऐकलं नाही, इंचाला फूट हा हिशेब धरून पुरा १४ फुटांचा उतार घालायला लावला. तेवढी जागा काढायची तर तुळस हलवावी लागणार होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं वृंदावन, मला वाटलं आजी कबूल होणार नाही. आजी म्हणाली, तुळस कुठेही वाढेल, पोरीला बाहेर पडता आलं पाहिजे. भटजींना विचारून दिवस धरला आणि वृंदावन घरातल्या चौकात, राजांगणात नेलं. ज्या दिवशी तू कुणाचाही हात न लागता त्या उतारावरून खाली उतरलीस आणि आपल्या बागेच्या, कुळागराच्या वाटेपर्यंत गेलीस, त्या दिवशी नारळ पाडणारा पाडेली माडावरून ओरडून बोलला, आजी पडवीत उभी राहून रडली. गवंड्याचा चार फुटांचा उतारही उतारच दिसला असता. पण त्यावर तुला कायम मागून धरणारं माणूस लागलं असतं. पणजीत कुठेही "सोय आहे" म्हणतील तिथे हे बघून घे: सोय कोणाच्या हाताशिवाय वापरता येते का?

मदतीचंही बोलते. मदत घ्यायची, पण कशी करायची ते तू सांगायचं. बरीच माणसं न विचारता मागून खुर्ची ढकलू लागतात. चांगल्या मनाने करतात, तरीही "थांबा, मी सांगते" म्हण. कुठे धरायचं, ब्रेक कुठे, उंबरठ्यावर पुढची चाकं कशी उचलायची, हे तू एका श्वासात सांगू शकतेस, मी ऐकलंय. शेजारी एका बाईशी ओळख करून घे आणि दुसरी चावी तिच्याकडे ठेव. जास्तीच्या चाकांची स्कूटर घ्यायचा तुझा विचार मामाने मला सांगितला. माझ्या पोटात गोळा आला, हे खरं. तुझ्या अपघाताची आषाढातली ती रात्र मी विसरणार नाही. पण घे. परवाना रीतसर काढ, पावसात हळू चालव.

बाकी राहिलं ते मनाचं. पहिल्या वर्षी मी देवीला कौल लावला होता, तुला ठाऊक आहे. मूर्तीला लावलेली पाकळी कुठल्या बाजूने पडली ते मी कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. त्यानंतर मी देवीपाशी तुझं चालणं मागणं सोडलं आणि तुझे दिवस मागू लागले, भरलेले, कामाचे, हसण्याचे दिवस. आशा सोडली असं समजू नकोस. तुझे पाय उठतील त्या दिवशी मी साऱ्या गावाला जेवण घालीन. पण त्या दिवसाची वाट बघत आजचे दिवस बाजूला ठेवायचे नाहीत. कुणी मूळपेशींच्या इंजेक्शनांचं आमिष दाखवील, लाखांचा आकडा सांगेल. आपल्या देशात रक्ताचे काही आजार सोडले तर त्या उपचाराला मान्यता नाही, संशोधनाबाहेर पैसे घेऊन तो देताच येत नाही. तुझ्या पगारातला पैसा तिकडे जाता कामा नये. तो बँकेत टाक, एक भाग नव्या गादीसाठी, एक भाग तुझ्या हौसेसाठी. हौस हवीच.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळा-सतराव्या वर्षी खुर्चीवर आल्या. सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली, जिथून कितीतरी मुलं-मुली शिकून पायावर उभी राहिली. आपल्याजवळ, सिंधुदुर्गातही त्यांचं काम पोचलं. मला त्यांच्यातलं सगळ्यांत काय आवडतं सांगू? त्या सोय मागतात तेव्हा आवाज खाली करत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत पणजीला दिव्यांगांचा उत्सव, पहिला पर्पल फेस्ट, झाला तेव्हा मीही तेच पाहिलं. एवढ्या खुर्च्या, एवढ्या पांढऱ्या काठ्या, हातांनी बोलणारी एवढी मुलं, आणि कुणालाही आपण अडचण आहोत असं वाटत नव्हतं. तिथे तू ओळखी केल्यास, त्या जप. माझ्यापाशी बोलता येणार नाही असं पुष्कळ तू त्यांच्यापाशी बोलू शकशील.

एखाद्या रात्री फार जड होईल. होणारच. तेव्हा मला उठव, मी कुठल्याही वेळी फोन घेईन. माझ्याशी नको वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावून ठेव, रात्रंदिवस चालतो. झोप उडाली, भूक गेली, आरसा बघायचा कंटाळा येऊ लागला, तर त्याला आळस म्हणू नकोस. मनही आजारी पडतं आणि त्यालाही औषध असतं. कातडी बघणं सुटलं की मला सांगायचं, एवढा शब्द मला दे.

माझी काळजी तिथे नेऊ नकोस. शुक्रवारचं भजन आहे, सुपारी वाळवायची आहे, आजीचे गुडघे आहेत. मी दर रविवारी येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि आले की तुझ्या हातचं जेवीन.

शनिवारी मामा गाडी घेऊन येतोय. त्याच्याबरोबर सोललेले नारळ, कुळीथ, तोरांची बरणी आणि उशीची कव्हरं देते. न्हाणीतला आधाराचा दांडा त्याच्याकडून त्याच दिवशी बसवून घे, रविवारवर ढकलू नकोस, आणि बसवल्यावर आधी त्याला स्वतःला लटकून बघायला सांग.

तुझी,
आई