कर्बोदकं कमी करण्याआधी गोळ्यांकडे बघा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, धान्य, साखर, बटाटा सगळं एकदम बंद करायचं तुमच्या मनात आहे आणि आईला ते अजिबात पटत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फक्त बाबांच्या मधुमेहाच्या आणि आईच्या बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी ठरल्याशिवाय काही सुरू करू नका.

हा कमी कर्बोदकांचा, म्हणजे धान्य-साखर-बटाटा कमी असलेला, आहार नवा नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. १९७२ पासून अमेरिकेतल्या डॉ. ॲटकिन्स यांच्यामुळे तीच कल्पना पुन्हा गाजली, आता कीटो म्हणून, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून, गाजते आहे. ती पुन्हा पुन्हा लोकांना भुरळ घालते याचं मोठं कारण म्हणजे पहिला आठवडा. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी. कर्बोदकं थांबली की तो साठा संपत जातो, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात चरबी फारच थोडी असते. पूर्वीसारखं जेवलं की ते वजन परत येतं, आणि आपण हरलो असं माणसाला वाटतं.

वर्षभराचा हिशोब वेगळा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांत कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६.० किलोने उतरलं, कमी चरबी खाणाऱ्यांचं ५.३ किलोने. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. माझ्या मते खरा फायदा तिथे आहे.

आई, मेंदूला साखर लागते हे तुझं म्हणणं खरं आहे, पण ती यकृत स्वतः तयार करतं, त्यामुळे तेवढ्यासाठी घाबरू नकोस. आणि मधुमेहात कर्बोदकं कमी केली की जेवणानंतरची साखर उतरते, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, हीसुद्धा उतरते. बाबांचा मुद्दा इथे पक्का आहे.

पण धोकाही नेमका इथेच आहे. बाबा, तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ती गोळी तुम्ही किती जेवलात हे बघत नाही, इन्शुलिन बाहेर काढतच राहते. कर्बोदकं निम्मी आणि गोळी तेवढीच, असं झालं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बदाम किंवा चीज खाऊन भागणार नाही, त्यांनी साखर वेळेत चढत नाही. आणि या गोळ्यांचा परिणाम बरेच तास टिकतो, म्हणून बरं वाटलं तरी नंतर काहीतरी खायचंच.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसऱ्या प्रकारची गोळी असेल तर कडक कीटो करायचंच नाही. या गोळीवर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साठून आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर १८० सारखा नेहमीचा आकडा दिसतो, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास यांपैकी काही झालं तर मीटरवर विसंबू नका. सरळ हॉस्पिटल गाठा, गोळीचं नाव सांगा आणि कीटोन तपासायला सांगा.

आई, बाबांच्या जोडीने तूही हे जेवण घेणार असशील तर तुझ्या बीपीच्या गोळीचं बघावं लागेल. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर उभं राहताना चक्कर येते, आणि या वयात पडणं परवडत नाही. बसून बीपी मोज, मग उभी राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

मला विचाराल तर कीटोसारखा दिवसाला २०-५० ग्रॅमचा हट्ट नको, १०० ते १३० ग्रॅम कर्बोदकं पुरेत. आधी गोड पेयं, साखर आणि मैदा काढा. डाळी, भाज्या, अख्खं धान्य थोडं थोडं राहू द्या, नाहीतर बद्धकोष्ठ ठरलेलं. प्रथिनं मात्र कमी पडू देऊ नका, कारण वजन उतरताना स्नायूही जातात आणि या वयात ते सहज भरून येत नाहीत. ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम, तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. धान्याची जागा लोण्याने भरू नका, काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्याने बरंच चढतं.

साखर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, तीन महिन्यांनी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे दर महिन्याला ती तपासणी करून हाती फारसं लागत नाही. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आहार सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

दोघांच्याही सगळ्या गोळ्यांचे फोटो पाठवा, नाव आणि मिलिग्रॅम नीट दिसतील असे. डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी त्यावरून लिहून देते. तोपर्यंत बाबा, जेवण आहे तसंच चालू ठेवा.

तुमची,
लेक