व्हायव्हॅक्सच्या लशीबद्दल केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. हिवतापाच्या रक्तपट्ट्या तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. रिपोर्टवर 'पीएफ', म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा जंतू, लिहिले की धावपळ सुरू होते. 'पीव्ही', म्हणजे हिवतापाचाच दुसरा जंतू प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स, लिहिले की सगळे निवांत होतात. जुन्या पुस्तकांत याला 'सौम्य' हिवताप म्हणत, आणि त्या एका विशेषणाने फार नुकसान केले. तोच रुग्ण दोन-चार महिन्यांनी पुन्हा येतो, मग पुन्हा, दर खेपेला आधीपेक्षा फिकट होऊन. यात सौम्य काय आहे?

फाल्सिपेरमविरुद्ध आज दोन लशी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आरटीएस,एसची आणि 2023 मध्ये आर21ची शिफारस केली. आर21 आपल्याच देशात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) तयार होत असलेली लस अ‍ॅडफाल्सिव्हॅक्सही फाल्सिपेरमचीच. व्हायव्हॅक्सवर मान्यता मिळालेली एकही लस नाही. आरटीएस,एस आणि आर21 इथे चालत नाहीत, कारण त्या ज्या प्रथिनावर नेम धरतात त्याची घडण व्हायव्हॅक्समध्ये वेगळी आहे.

हा जंतू खरोखरच अवघड आहे, हे मी नाकारत नाही. फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवण्याची रीत ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 मध्येच दाखवली. व्हायव्हॅक्सची तशी पैदास अजून जमलेली नाही. तो शिरतो फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत, आणि निरोगी रक्तात त्या शंभरात एक-दोनच असतात. म्हणून प्रत्येक प्रयोगासाठी रुग्णाच्या रक्ताकडे जावे लागते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने घेतलेल्या व्हायव्हॅक्स लशीच्या चाचणीत स्वयंसेवकांना संसर्ग देण्यासाठी थायलंडमधल्या एका रुग्णाकडून मिळालेला जंतू गोठवून जपून ठेवावा लागला.

त्याहून बिकट गोष्ट यकृतात आहे. डासाने सोडलेले काही जंतू तिथे झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षानेही जागे होतात. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांच्या अभ्यासात पाचातले सुमारे चार संसर्ग अशा जुन्या जंतूंचे निघाले. आता लशीची चाचणी कशी घ्यायची, याचा विचार करा. लस टोचलेल्या माणसाला चार महिन्यांनी ताप आला, तर तो नव्या डासाचा की यकृतातला जुना? जनुकीय तपासणीही याचे खात्रीचे उत्तर देत नाही. डासाने नुकतेच सोडलेले जंतू अडवणारी लस आधीच झोपलेल्यांना हातही लावत नाही. आधी यकृत साफ करायचे, तर आपल्याकडे सहसा 14 दिवस प्रायमाक्विन हे औषध द्यावे लागते. ते गरोदर बाईला चालत नाही, आणि जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. ज्यांना औषध देता येत नाही, त्यांनाच लशीची गरज सर्वांत जास्त आहे.

तरी वाट बंद नाही. व्हायव्हॅक्स तांबड्या पेशीत शिरताना मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावरच्या डफी नावाच्या प्रथिनावर, म्हणजे एका दारावर, विसंबतो. त्या दाराला चिकटणारे जंतूचे प्रथिन पकडून लस करण्याचे काम नवी दिल्लीच्या आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रात डॉ. चेतन चिटणीस यांच्या गटाने उभे केले. त्या लशीची पहिल्या टप्प्याची चाचणी भारतातही झाली. याच प्रथिनावरच्या लशीच्या ऑक्सफर्डमधल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: शेवटचा डोस लांबवून दिलेल्या गटात रक्तातल्या जंतूंची वाढ सरासरी 51 टक्क्यांनी मंदावली. स्वयंसेवक मूठभर होते आणि संसर्ग पूर्ण थांबला नाही. पण नेम योग्य जागी आहे, हे कळले. हे काम इथे सुरू झाले, ते इथेच रेंगाळू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून विनंती करते. रुग्णांच्या संमतीने व्हायव्हॅक्सचे नमुने गोठवून जपणारी राष्ट्रीय पेढी उभारा, आणि संशोधन केंद्रे जिथे रुग्ण आहेत तिथे न्या, कारण हा जंतू प्रवासात टिकत नाही. लशीच्या चाचण्यांना किमान दोन वर्षे पाठपुरावा करता येईल असा सलग निधी द्या. दर मार्चअखेरीस तुटणाऱ्या पैशात उलटणारा ताप मोजताच येत नाही. आणि आकडेवारीत पहिला ताप व उलटलेला ताप असे दोन रकाने ठेवा. दोन्हींतला फरक दर वेळी अचूक कळणार नाही, पण आज मी तोच रुग्ण चौथ्यांदा तपासते, तेव्हा माझ्या नोंदवहीत तो चार वेगवेगळे रुग्ण म्हणून जातो.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ