दुकान सोडणाऱ्याचे नाव कागदावरूनही सुटावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातल्या जाहीर नोटिसांच्या रकान्यात भूखंडांच्या, हरवलेल्या विक्रीपत्रांच्या, नावबदलाच्या नोटिसा रोज असतात. ‘अमुक पेढीतून अमुक भागीदार अमुक तारखेपासून निवृत्त झाला’ ही नोटीस मात्र क्वचित दिसते. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत, मस्कासाथेत, सराफ्यात, गांधीबागेतल्या कापड बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली मुले-मुली घरचा धंदा सोडून वेगळ्या वाटेला लागत आहेत. कोणी मिहानमधल्या कंपनीत जातो, कोणी पुण्याला, कोणी स्पर्धा परीक्षेला बसते. माणूस जातो, पण नाव दुकानातच राहते. ‘घरचेच आहे, कागद कशाला?’ असे म्हणून राहिलेले हे नाव पुढे गृहकर्जाच्या वेळी किंवा जीएसटीच्या नोटिशीत समोर येते. तोवर घरात आधीचा मोकळेपणा उरलेला नसतो.

आधी दुकान कायद्याने कोणाचे आहे, ते पाहावे. जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रावर व्यवसायाचा प्रकार छापलेला असतो. तिथे प्रोप्रायटरशिप (एकट्याची मालकी) असेल आणि नाव वडिलांचे असेल, तर मुलाने तिथे पंधरा वर्षे गल्ला सांभाळला तरी कायद्याने सोडण्यासारखे त्याच्याकडे काही नसते. बँकेला दिलेली हमी आणि सह्यांचे अधिकार तेवढे काढून घ्यायचे असतात. व्यवसाय हिंदू अविभक्त कुटुंबाचा असेल तर राजीनामा नावाची गोष्टच नाही, वाटणी असते. त्यातही 9 सप्टेंबर 2005 पासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. प्राप्तिकर खाते अर्धवट वाटणी मानत नाही, ती पूर्णच व्हावी लागते. खरा गुंता असतो तो भागीदारीत.

भारतीय भागीदारी कायदा 1932 च्या कलम 32 प्रमाणे भागीदार तीन मार्गांनी निवृत्त होतो: इतर सगळ्यांच्या संमतीने, करारात लिहिले असेल तसे, किंवा भागीदारी ऐच्छिक (मुदत न ठरवलेली) असेल तर सर्वांना लेखी सूचना देऊन. साधारणपणे 500 रुपयांच्या स्टँपवर निवृत्तीचा लेख होतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण तो लेख झाला भागीदारांच्या आपसातला. बाहेरच्या धनकोंपुरती पुढच्या व्यवहारांची जबाबदारी जाहीर सूचना दिल्याशिवाय सुटत नाही. ही सूचना कशी द्यायची ते कलम 72 मध्ये आहे. नोंदणीकृत पेढी असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे बदलाची नोंद, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी, असे तिन्ही लागते. वृत्तपत्रात छापून राजपत्र विसरणे ही नेहमीची चूक आहे. पेढी नोंदलेली नसली तरी राजपत्र आणि वृत्तपत्र चुकत नाहीत. जुन्या पुरवठादारांना वेगळे पत्रही द्यावे. बिलबुकावर, पाटीवर, लेटरहेडवर नाव तसेच राहू दिले तर कलम 28 प्रमाणे, त्या नावावर विसंबून उधार देणाऱ्यापुरते तुम्ही भागीदारच ठरता.

बाप-लेकाची दोघांचीच पेढी असेल तर मुलगा बाहेर पडताच पेढी संपते, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. मग पेढीचा पॅन उपयोगाचा राहत नाही, जीएसटीची नवी नोंदणी लागते, न वापरलेले कराचे क्रेडिट आयटीसी-02 हा अर्ज भरून नव्या नोंदणीत न्यावे लागते, आणि जुनी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. हे टाळायला त्याच लेखात, त्याच तारखेला आईला किंवा बहिणीला भागीदार करून घेतात. मार्ग कायदेशीर आहे. मात्र येणारीची जबाबदारीही अमर्याद असते, तिचे घर-दागिने त्यात येतात. तिला सगळे समजावून सांगूनच सही घ्यावी. ‘इथे सही कर’ एवढ्यावर भागवणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि तो आपल्या घरांत सर्रास होतो.

जीएसटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीतून भागीदाराचे नाव कमी करण्याचा अर्ज 15 दिवसांत करायचा. दुसरे आहे केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याचे कलम 90. निवृत्तीची तारीख लेखी कळवल्यास त्या तारखेपर्यंतच्या कराचीच जबाबदारी राहते, मग तो कर नंतर केव्हाही ठरो. पण निवृत्तीपासून एक महिन्यात कळवले नाही, तर ज्या दिवशी पत्र पोचेल त्या दिवसापर्यंतची जबाबदारी अंगावर येते. पत्र तीन वर्षांनी दिले तर मधली तीन वर्षेही तुमचीच. हे पत्र जाणाऱ्याने स्वतः द्यावे आणि पोच जपून ठेवावी. ‘सीए करून टाकतील’ यावर राहू नये, कारण सीए पेढीचे असतात. भागीदार म्हणून घेतलेली व्यवसायकराची वर्षाला 2,500 रुपयांची नोंदणीही रद्द करून घ्यावी, नाहीतर मागणी निघत राहते.

सगळ्यात जास्त अडते ते बँकेत. कॅश क्रेडिटच्या (धंद्यासाठी लागेल तशी उचल करायच्या कर्जाच्या) मर्यादेला घरातल्या सगळ्या कर्त्यांची वैयक्तिक हमी घेतलेली असते. पेढीतून निवृत्त झाल्याने ही हमी सुटत नाही. ते दोन वेगळे करार आहेत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 130 प्रमाणे चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते, मात्र त्या दिवशी खात्यात असलेल्या देण्याची हमी राहतेच. सूचना मिळाली की बँक खात्यातून उचल थांबवू शकते, आणि दिवाळीच्या तोंडावर असे झाले तर व्यापाऱ्यांना दिलेले धनादेश परत जातात. म्हणून आधी वडिलांशी आणि भावांशी बोलून, मग शाखा व्यवस्थापकाशी बोलून, मर्यादेच्या वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी हे करावे. बदली हमीदार द्यावा लागेल किंवा मर्यादा कमी होईल, याची घरात तयारी असावी. नूतनीकरणाचे मंजुरीपत्र हाती आल्यावर हमीदारांची यादी स्वतः वाचावी आणि हमीतून मुक्त केल्याचे वेगळे पत्र घ्यावे. दोन-तीन महिन्यांनी आपला सिबिल अहवाल काढून पाहावा. तिथे हमीदार म्हणून ते खाते चालू दिसत असेल तर तुमच्या गृहकर्जाची पात्रता ठरवताना बँक ते मोजते. तुमचा प्लॉट किंवा फ्लॅट त्या कर्जाला तारण असेल तर तो सोडवणे हे आणखी एक काम. हमी सुटली म्हणजे तारण सुटले असे नाही.

कोऱ्या धनादेशांचेही सांगायला हवे. ठोक व्यापाऱ्यांकडे सही करून ठेवलेले ‘सिक्युरिटी’चे धनादेश नावानिशी यादी करून परत घ्यावेत. न मिळालेल्यांचे क्रमांक बँकेला लिहून द्यावेत आणि त्या व्यापाऱ्यालाही पत्राने कळवावे. नुसते पेमेंट थांबवल्याने धनादेश न वटल्याबद्दलचा कलम 138 चा खटला टळतोच असे नाही. पत्रव्यवहार हाताशी असला तर बाजू मांडता येते.

अलीकडे एक नवीच अडचण दिसते. दुकानाचे जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँकेचे नेट बँकिंग, सगळ्याचे ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येतात, कारण हे सगळे सुरू त्यानेच केलेले असते. तो बंगळुरूला बैठकीत बसलेला आणि इकडे कळमन्याला ट्रक ओटीपीसाठी उभा. डिजिटल सहीचे टोकनही बहुधा त्याच्याच नावाचे. त्याहून वाईट म्हणजे काउंटरवरचा क्यूआर कोड त्याच्या बचत खात्याला जोडलेला असतो. दुकानाची विक्री त्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होत राहते आणि प्राप्तिकर खाते ती रक्कम कसली, असे त्यालाच विचारते. निघण्याच्या महिनाभर आधी दुकानाच्या नावाचे वेगळे सिमकार्ड आणि ईमेल घेऊन सगळीकडे तेच नोंदवावे, क्यूआर दुकानाच्या चालू खात्याचा लावावा आणि जुना फाडून टाकावा.

आता हिशेब. शक्यतो 31 मार्च ही तारीख धरावी, म्हणजे वर्ष मध्येच तोडावे लागत नाही. हिशेब बंद करण्याच्या दिवशी माल प्रत्यक्ष मोजावा. खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी ती लावावी. दोन हंगाम पडून राहिलेला माल छापील किमतीने धरला की पुढे भांडण ठरलेले. उधारी सहा महिन्यांच्या आतली, तीन वर्षांपर्यंतची आणि त्याहून जुनी अशी वेगळी लिहावी. तीन वर्षे उलटली आणि मुदतीच्या आत देणेकऱ्याची लेखी कबुली घेतली नसेल, तर ती दाव्याने वसूल होत नाही. अशी उधारी पूर्ण रकमेने धरून जाणाऱ्याचा वाटा फुगवणे राहणाऱ्यांवर अन्यायाचे आहे.

कराचा नियम 2021 मध्ये बदलला, तो अनेक घरांत पोचलेला नाही. जाणाऱ्याच्या भांडवली खात्यात 8 लाख आहेत आणि पेढीने त्याला 20 लाख दिले, तर वरचे 12 लाख पेढीचा भांडवली नफा धरले जातात आणि कर पेढी भरते. भांडवली खाते फुगवण्यासाठी केलेले पुनर्मूल्यांकन त्यात चालत नाही. हा कर कोणाच्या वाट्यातून जायचा ते लेखातच लिहावे. पेढीची मालमत्ता जाणाऱ्याला देणार असाल आणि ती त्याने स्वतः आणलेली नसेल, तर मुद्रांक शुल्क विक्रीपत्रासारखे लागते.

रक्कम हप्त्यांनी ठरत असेल, समजा 5 लाख लगेच आणि बाकी 15 लाख सहामाही 3 लाखांप्रमाणे, तर तारखा आणि व्याजदर लिहावा. काहीच लिहिले नसेल आणि पेढी तुमच्या वाट्यावर धंदा करत राहिली, तर भागीदारी कायद्याच्या कलम 37 प्रमाणे त्या वाट्याचा नफा किंवा 6 टक्के व्याज मागता येते. पण लेखांच्या तयार नमुन्यात एक ओळ असते: ‘सर्व हिशेब पूर्ण झाला असून आता काहीही येणे नाही.’ पैसे हाती येण्याआधी या ओळीवर सही केली की मागायला जागा उरत नाही.

जुन्या बाजारातली कितीतरी दुकाने भाड्याची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे भाडेकरू वारला तर धंद्याच्या जागेचा भाडेहक्क, त्याच्या मृत्यूच्या वेळी ती जागा धंद्यासाठी वापरणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. दुकान सोडून गेलेल्याला नंतर त्या जागेवर हक्क सांगणे कठीण जाते. वाटा ठरवताना हे मोजावे. जागा स्वतःची असेल तर आखीव पत्रिकेवर (शहरी जागेच्या मालकीच्या नोंदीवर) कोणाची नावे आहेत ते काढून पाहावे, नझूल म्हणजे सरकारी जमिनीचा किंवा नागपूर सुधार प्रन्यासचा (नासुप्र) पट्टा असेल तर नावबदलाच्या अटी वाचाव्यात. मुलाला 200 रुपये मुद्रांकावर बक्षीसपत्र होते हे खरे, पण ते निवासी आणि शेतीच्या मालमत्तेचे. दुकानाला ती सवलत नाही.

नवी नोकरी शोधताना दुकानातली दहा वर्षे कागदावर दिसत नाहीत, कारण पगार कधी निघालाच नाही, गल्ल्यातून खर्चाला पैसे घेतले गेले. सोडायच्या निदान एक वर्ष आधीपासून बँकेतून वाजवी पगार घ्यावा आणि स्वतःचे विवरणपत्र भरावे. भागीदार असाल तर 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 20,000 रुपयांवरच्या पगार-व्याजावर पेढीने 10 टक्के टीडीएस कापायचा आहे. त्याची नोंद तुमच्या पॅनवर उमटते आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. वडिलांच्या सहीच्या अनुभवपत्राला कंपन्या फारशी किंमत देत नाहीत. खरेदी, उधारी वसुली, टॅली, जीएसटी विवरणपत्रे, किती माणसे आणि किती उलाढाल सांभाळली, हे आकड्यांनी लिहावे. पदवी अर्धी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करता करता पुरी करता येते. एमपीएससीतून शासकीय सेवेत जाणाऱ्यांनी ‘नावापुरता भागीदार’ राहू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 खासगी धंद्याला आडवे येतात. आरोग्य विमा पेढी भरत असेल तर नूतनीकरणाच्या आधीच आपली पॉलिसी वेगळी करून घ्यावी, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही.

येत्या 31 मार्चला बाहेर पडायचे असेल तर बँकेशी बोलणे डिसेंबरात सुरू करावे. जानेवारीत उधारीची यादी आणि धनादेशांची यादी, फेब्रुवारीत सिमकार्ड आणि क्यूआर, मार्चअखेर मालाची मोजणी आणि लेखावर सह्या. 15 एप्रिलपर्यंत जीएसटी नोंदणीत बदल, 30 एप्रिलच्या आत कलम 90 चे पत्र. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सह्यांच्या दुसऱ्याच दिवशी द्यावा. वृत्तपत्रातल्या नोटिशीचे अख्खे पान तारखेसह कापून ठेवावे, नुसते कात्रण पुरत नाही.

आपला,
एक करसल्लागार
गांधीबाग, नागपूर