त्या लॅबची चावी कुणाकडे? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी सीईटी, म्हणजे राज्याची अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा, देऊन आलेली माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात भेटायला आली. पेपर कसा गेला, विचारलं. म्हणाली, "बरा गेला सर. येत नव्हते ते सोडले. गणिताचे एकोणीस सोडले."

मी कपाळावर हात मारला. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये कापतात. तिच्या भावाने नीट दिली होती, आणि त्याने घरी बजावून ठेवलं होतं की खात्री नसेल तर हात लावायचा नाही. त्या एकोणीस प्रश्नांना तिने डोळे मिटून पर्याय ठोकले असते, तरी चार-पाच बरोबर निघाले असते. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण असतात. म्हणजे आठ-दहा गुण तिने स्वतःच्या हाताने टाकून दिले. या परीक्षेत पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा, दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत मोजतात, तिथे आठ-दहा गुणांनी कॉलेजच नव्हे, शाखाही बदलते.

चूक माझीही आहे. वर्षभर मी तिला इंटिग्रेशन शिकवलं आणि हे एक वाक्य सांगायचं राहून गेलं. सांगितलं होतं असं मला वाटत होतं.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. परीक्षा रद्द करा, सोपी करा, असं काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. बोर्डाची परीक्षा आणि सीईटी यांच्यात किती अंतर आहे, ते आधी सांगतो. बोर्डात गणिताच्या ८० गुणांच्या पेपरला तीन तास मिळतात. तिथे स्टेपला मार्क असतात. उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर मुलाच्या पदरात काहीतरी पडतं. सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. त्याआधी भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न, त्यांनाही ९० मिनिटंच. हिशेब केला तर ५४ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, कच्चं काम करायचं, पुन्हा स्क्रीनवर डोळे नेऊन पर्याय शोधायचा. नव्वद मिनिटं झाली की तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही.

यातली गंमत म्हणा किंवा पंचाईत म्हणा, जे मी शिकवतो ते इथे कधीकधी आड येतं. इंटिग्रेशनचं गणित बोर्डात पानभर सोडवायचं असतं. सीईटीत चार पर्याय समोर असतात. एकेकाचं डेरिव्हेटिव्ह (इंटिग्रेशनची उलटी क्रिया) काढत गेलं की प्रश्नातलं फलन कोणत्या पर्यायातून आलं ते दिसतं आणि काम अर्ध्या मिनिटात उरकतं. हुशार मुलालाही हे आपोआप सुचत नाही, हाताला सवय लागावी लागते. वर्गात हेच दाखवत बसलो तर बोर्डाचे मार्क जातात.

मग ही सवय लावायची कुणी? आमची अकरावी-बारावी शालेय शिक्षण खात्याकडे, सीईटी तुमच्या खात्याकडे. दोन खात्यांच्या मधल्या बोळात मुलगा उभा असतो आणि बोळाच्या तोंडाशी क्लासची पाटी असते. ज्याला फी परवडते तो दर रविवारी कॉम्प्युटरवर तीन तासांची टेस्ट देतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी माउस हातात धरून सलग तीन तास कधी काढलेले नसतात. सरावाचा सगळा पराक्रम त्यांनी मोबाइलवर केलेला असतो. मोबाइलवर बोटाने सरकवत दिलेली चाचणी आणि केंद्रावरचा मॉनिटर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मांडीवरच्या रफ कागदावरून स्क्रीनवर नजर नेताना प्रश्नाचा क्रमांक चुकतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

२०२६ पासून सीईटी दोनदा देता येईल, हा निर्णय चांगलाच आहे. पण सरावाची सोय नसलेला मुलगा पहिली परीक्षाच सराव म्हणून खर्ची घालणार. क्लासवाल्याला दोन संधी, याला दीड.

म्हणून एकच मागणी. शासकीय तंत्रनिकेतनं तुमच्याच खात्याची आहेत. त्यांच्या कॉम्प्युटर लॅब रविवारी बंद असतात. डिसेंबरचे चार रविवार आणि बोर्डाचे पेपर आटोपल्यावर मार्चअखेरचे दोन, असे सहा रविवार त्या उघड्या ठेवा. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाने मागच्या वर्षांच्या सगळ्या सत्रांचे पेपर, खऱ्या परीक्षेसारखंच घड्याळ लावून, त्या कॉम्प्युटरवर टाकावेत. भौतिक-रसायन मराठीतूनही असू द्या, केंद्रावर तसे असतातच. गणित तिथे फक्त इंग्रजीतून येतं, तर सरावालाही इंग्रजीतूनच द्या, मुलांना आधीच कळू दे. देखरेखीला आम्ही शिक्षक येऊ, मानधनाचा प्रश्न काढणार नाही.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर जमणार नाही, असं तुमचे अधिकारी म्हणतील. २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताच्या पर्यायांमध्ये चुका निघाल्या, तेव्हा ५ मे रोजी फेरपरीक्षा घेतली गेली. हजारो मुलांची बैठकव्यवस्था आठ दिवसांत झाली होती. इथे तर मी पुढच्या हिवाळ्याची गोष्ट करतोय.

आमच्या गावापासून सर्वांत जवळचं तंत्रनिकेतन एसटीने दीड तासावर आहे. तिथे मी एकदा जाऊन आलो. खिडकीतून आत पाहिलं तर ओळीने कॉम्प्युटर, त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं, दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, साहेबांच्या लेखी आदेशाशिवाय उघडता येत नाही. बरोबरच आहे त्याचं. तो आदेश तुमच्या कार्यालयातून निघू शकतो. निघाला तर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळची पहिली एसटी पकडून मी चाळीस मुलं घेऊन येतो. चावी कुणाकडे मागायची, तेवढं त्या आदेशात लिहून द्यावं.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षक